उत्तरपत्रिकेतली नववी ओळ

यंत्रांना ‘अहो’ म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि यंत्रं ज्याचं मुकाट्यानं ऐकायची असाही तोच एक. ते आमचे खडकीचे काका. काका म्हणजे नात्याचे कुणी नव्हेत. माझं नात्याचं माणूस पुण्यात त्या वेळी एकही नव्हतं. सगळं गणगोत यवतमाळकडे, एका रात्रीच्या एस.टी.इतकं लांब. काका खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. पन्नाशीला मुदतीआधीच निवृत्ती घेऊन त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास लावला, पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून बसले, आणि ज्या वर्षांत पुण्यातला प्रत्येक मोकळा मजला काचा लावून कंपनी होत होता त्या वर्षांत बाणेर रस्त्यावरच्या एका कंपनीत सर्व्हर बसवण्याच्या कामावर रुजू झाले. सर्व्हर सुरू होईना की काका त्याच्यासमोर उभे राहून म्हणायचे, “अहो, काय झालंय? सांगाल तर कळेल.” इंजिनियर पोरं हसायची. मग सर्व्हर सुरू व्हायचा आणि हसू कुठं ठेवावं हे पोरांना कळायचं नाही.

माझी त्यांची ओळख बुधवार पेठेतली. मी तिथं एका दुकानात वायरी, कनेक्टर असलं विकायचो आणि मागच्या बाजूला बसून कॉम्प्युटर दुरुस्त करायचो. काका एक केबल परत करायला आले. दुकानाच्या मालकांनी वर न बघता सांगितलं, “विकलेला माल परत घेत नाही.” काका म्हणाले, “परत कुठं देतोय? हिच्यात आठ तारा असायला हव्यात, सात लागतात. आठवी न्यायला आलोय.” मालकांनी मला पुढं केलं. काकांनी केबल माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, “हिच्यावर काय छापलंय ते वाचून दाखवा.” मी नववीत शाळा सोडली त्याची घरी दहा कारणं सांगितली होती. खरं एकच होतं. इंग्रजीच्या तासाला सर उभं करून वाचायला लावायचे, आणि माझं वाचन सुरू झालं की वर्गाचं हसणं सुरू व्हायचं. यंत्र उघडून जोडणं मला डोळे मिटून जमायचं. अक्षरं जमायची नाहीत. मी म्हणालो, “चष्मा विसरलो.” मला चष्मा नव्हता. काकांनी शांतपणे स्टूल ओढलं. “घाई नाही. दुकान बंद होईपर्यंत मी आहे.” मी एकेक अक्षर लावत ती ओळ वाचली. बराच वेळ लागला. दोन गिऱ्हाइकं निघून गेली. काकांनी मध्ये दोनदा उच्चार सुधारला, हसले एकदाही नाहीत. जाताना मालकांना म्हणाले, “हा मुलगा मी नेतो. केबल ठेवून घ्या.” पुढच्या महिन्यात मी त्यांच्या हाताखाली कामाला होतो. मला कुणी प्रमाणपत्र विचारलं नाही, कारण विचारायच्या वेळी काका मध्ये उभे राहिले होते. पण कधीतरी कुणीतरी विचारेल ही भीती माझ्या पोटात रोज सकाळी डब्याबरोबर आत जायची.

काकांनी कारखाना सोडला होता; कारखान्यानं त्यांना सोडलं नव्हतं. दारूगोळ्याच्या खात्यात शिरताना काडेपेटी, किल्ल्या, अंगठी, सगळं दारात काढून ठेवावं लागतं आणि कापडी जोडे घालावे लागतात. काकांनी हाच कायदा आमच्या सर्व्हर रूमला लावला. दारात पत्र्याचा ट्रे आणि सहा जोड कापडी सपाता. एकदा आमचे मॅनेजर एका मोठ्या गिऱ्हाइकाला खोली दाखवायला घेऊन आले. मॅनेजर वयानं काकांच्या मुलीएवढे, टाय लावणारे. काकांनी पाहुण्यांसमोर ट्रे धरला. पाहुण्यांनी गोंधळून किल्ल्या टाकल्या, पेन टाकलं, शेवटी पट्टाही काढला. मॅनेजर दातांतल्या दातांत म्हणाले, “काका, इथं स्फोट होत नसतो.” काका म्हणाले, “अजून झालेला नाही असं म्हणा.” ते गिऱ्हाईक एका हातानं पँट धरून आमची सगळी यंत्रं बघून गेलं, आणि काम आम्हालाच दिलं.

या कडक सोवळ्याला एकच अपवाद होता, तो म्हणजे मंडईची पिशवी. काका दर मंगळवारी सकाळी मंडईत जाऊन आठवड्याची भाजी घेत आणि तशीच स्कूटरवरून कामावर आणत. सर्व्हर रूम पुण्यातली सगळ्यांत गार खोली, त्यामुळे मेथी, कोथिंबीर आणि कधीकधी अळूची जुडी एसीच्या जाळीसमोर दिवसभर विश्रांती घेत असे. मॅनेजरनी एकदा हरकत घेतली, की हे सुरक्षेच्या नियमात बसत नाही. काका म्हणाले, “अहो, कोथिंबीर नेटवर्कला जोडलेली नाहीये.” पुढं एसी बिघडला तेव्हा तापमापकाच्या आधी मेथीनं मान टाकली आणि काकांनी धावत जाऊन यंत्रं बंद केली. त्यानंतर पिशवीचं नाव कुणी काढलं नाही.

पण काकांचा खरा हट्ट होता वाचण्याचा. यंत्र अडलं की पहिल्यांदा हात पाठीमागे बांधायचे. मग पडद्यावर जे असेल ते वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचायचं. एकही ओळ गाळायची नाही. मग दुसऱ्यानं ऐकून ‘बरोबर’ म्हणायचं, आणि त्यानंतरच हात पुढं. एका ताज्या इंजिनियरनं न वाचताच एंटर दाबला तेव्हा काकांनी त्याला खुर्चीत बसवून पाणी दिलं आणि दहा मिनिटं उठू दिलं नाही. “आमच्याकडे चुकीचा हात लागला की लगेच दुसरा लावायचा नसतो. आधी दहा बोटं मोजायची.” आणि वाचायला ते नेहमी मलाच सांगायचे. “अहो यवतमाळकर, या, वाचा.” मी चाचरत वाचायचो. माझ्या बोलण्यातलं वऱ्हाडी मधूनच डोकवायचं. एकदा मी म्हणालो, “काका, मशीन अजून फाइल शोधून राहिली.” काका म्हणाले, “शोधतेय की राहिलीय? एकच काहीतरी सांगा.” पण हे एवढंच. बाकी पोरांना त्यांनी कधी माझ्या वाचनावर हसू दिलं नाही. वर्षभरात मी त्या चुकांच्या ओळी वाचत वाचत इंग्रजी वाचायला लागलो. लोक शाळेत कविता वाचून शिकतात, मी ‘नो सच फाइल’ वाचून शिकलो. त्यांचं एक वाक्य मला अजून ऐकू येतं: “अडकलेलं यंत्र बिघडलेलं नसतं. त्यानं काहीतरी विचारलेलं असतं आणि ते उत्तराची वाट बघत असतं. प्रश्न काय आहे तो वाचा.”

आता आमचं काम थोडं सांगायला हवं. एका सर्व्हरवर लिनक्स, म्हणजे यंत्र चालवणारी प्रणाली, बसवायचं तर ते आधी प्रश्न विचारतं. भाषा कोणती, घड्याळ कुठलं, कोणती डिस्क पुसू, कायकाय बसवू. एका यंत्राला माणूस बसून उत्तरं देईल. चाळीस यंत्रांना देता देता माणूस वेडा होईल. म्हणून सगळी उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. यंत्र चालू केलं की ते नेटवर्कवरून फाइल उचलतं, आपलं आपण वाचतं आणि तासाभरात तयार होतं. या फाइलला काका ‘उत्तरपत्रिका’ म्हणत. आणि तिच्या पहिल्याच ओळीत, जी खूण दिसली की यंत्र ती ओळ सोडून देतं अशा खुणेमागं, ते लिहीत: ‘तपासले’, आणि पुढं स्वतःची आद्याक्षरं. हाही कारखान्याचाच रिवाज. पेटी कुणीही भरो, झाकणावर ज्याची खूण त्यानं जबाब द्यायचा. म्हणून आमच्याकडे नियम होता की उत्तरपत्रिकेतलं एक अक्षर जरी बदललं तरी काकांची खूण पुसायची, स्वतःची घालायची, आणि पूर्ण फाइल दुसऱ्याला वाचून दाखवायची. मी कधीच काही बदललं नव्हतं. माझी सही तोवर हजेरीपट सोडून कुठंच नव्हती.

त्या पट्टा काढलेल्या गिऱ्हाइकाचा कारखाना भोसरीला होता, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा. त्यांची बेचाळीस यंत्रं उभी करायची होती, त्यातली एकेचाळीस कोरी आणि एक जुनं. जुन्यात दोन डिस्क. पहिलीवर नवं लिनक्स चढवायचं. दुसरीवर त्यांची सगळी ड्रॉइंगं, तिला हात लावायचा नाही. नेमकी त्याच वेळी लिनक्सची आवृत्ती बदलली, आणि वर्षानुवर्षं पास होत आलेली काकांची उत्तरपत्रिका नव्या यंत्रांत नापास व्हायला लागली. यंत्र चालू व्हायचं, फाइल उचलायचं आणि निळ्या पडद्यावर थांबायचं. इंजिनियर मंडळी दोन दिवस केबली बदलत होती. तिसऱ्या दिवशी काकांनी मला उभं केलं. हात मागे बांधून मी वाचलं, आणि तळाच्या बारीक ओळीत सापडलं की कायकाय बसवायचं त्याची यादी कुठं संपते ते लिहिलेलं नाही. जुन्या आवृत्तीला यादी संपली हे आपोआप कळायचं. नवीला शेवटी ‘संपलं’ अशी एक वेगळी ओळ हवी होती. काका खुशीत म्हणाले, “जुना समजूतदार होता, न सांगता ओळखायचा. हा नवा म्हणतो, संपलं असेल तर तोंडानं सांगा. बरोबर आहे त्याचं.” मग सगळ्यांसमोर म्हणाले, “यवतमाळकरांनी वाचलं म्हणून कळलं.” त्या दिवशी मी घरी फोन करून आईला हे सांगितलं. तिला त्यातलं काही कळलं नाही. तरी तिनं दोनदा सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, काका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. सकाळपासून काम झरझर चाललं होतं, तेवढ्यात उरलेली यंत्रं पुन्हा अडली. वाचलं तर कळलं की नव्या आवृत्तीत डिस्कची नावंही बदलली आहेत. काही यंत्रांत एक नाव, काहींत दुसरं. उत्तरपत्रिकेच्या नवव्या ओळीत, कोणती डिस्क पुसायची ते सांगणाऱ्या, पहिल्या डिस्कचं जुनं नाव होतं. मॅनेजर दारात येऊन ट्रेकडे बघत म्हणाले, “आज संपणार ना?” मी म्हणालो, “हो सर.” कालचं कौतुक अंगात होतं. मी नववी ओळ बदलली. नाव काढलं आणि लिहिलं, असतील तेवढ्या डिस्क पुसा. कोऱ्या यंत्राला काय फरक पडणार? एकामागून एक यंत्रं तयार झाली. पहिल्या ओळीतली काकांची खूण मात्र मी तशीच ठेवली. ती पुसून तिथं स्वतःची अक्षरं घालायला माझा हात उठेना. आणि काकांना न विचारता बदललं हे कळलं तर, ही भीती होतीच.

दुपारी काका रिक्षातून उतरले ते काळा चष्मा लावून. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले होते, डोळ्यांपुढं सगळं धूसर. चाचपडत सपाता घातल्या, भिंतीला म्हणाले, “अहो, सरका जरा,” आणि एकेचाळीस झाली हे ऐकून हात चोळले. “आता बेचाळिसावं मी चालू करतो. आधी पत्रिका वाचा. मला आज अक्षर दिसत नाहीये.”

मी वाचायला लागलो. पहिली ओळ, तपासले, त्यांची आद्याक्षरं. दुसरी. तिसरी. नववी ओळ आली आणि माझ्या डोळ्यांसमोर माझे शब्द होते, आणि तोंडातून बाहेर आली ती जुनी ओळ. पाठ होती मला. इतकी वर्षं तीच वाचली होती. मी एवढाच विचार केला की आत्ता वेळ जाऊ दे, नंतर खूण बदलीन. माझं सगळं लक्ष त्या सहीवर होतं. जुन्या यंत्रात दोन डिस्क आहेत हे त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतंच. काका डोळे मिटून ऐकत होते. शेवटची ‘संपलं’ची ओळ ऐकून म्हणाले, “बरोबर.” आणि स्वतःच्या बोटानं बटण दाबलं.

पडद्यावर पहिली डिस्क पुसल्याची ओळ आली. तिच्याखाली दुसरी पुसल्याची. ती मी वाचली, मनात. काकांनी विचारलं, “काय म्हणतंय?”

काकांनी रविवारी घेतलेली ड्रॉइंगांची प्रत होती म्हणून कारखाना वाचला. पण रविवार ते गुरुवार भोसरीच्या लोकांनी जे काढलं ते गेलं, आणि ते त्यांना पुन्हा काढावं लागलं. मॅनेजरनी फाइल मागवली, पहिली ओळ बघितली आणि विचारलं, “ही खूण कोणाची?” काका म्हणाले, “माझी.” “आणि बटण कोणी दाबलं?” “मीच.” मी त्यांच्या मागे हात बांधून उभा होतो. कारखान्यातल्यासारखा. तोंड उघडलं असतं तर नववीत सोडलेली शाळा, खोलीचं भाडं, आईला दोनदा सांगितलेली गोष्ट, सगळं त्या ट्रेमध्ये काढून ठेवावं लागलं असतं. मी उघडलं नाही.

त्यानंतरचा आठवडाभर काका रोज संध्याकाळी मला समोरच्या टपरीवर चहाला न्यायचे. ही नवीनच सवय; एरवी बाहेरच्या चहाला ते ‘गरम पाण्याची अफवा’ म्हणत. अर्धा कप संपला की विचारायचे, “यवतमाळकर, काही राहिलंय का?” मी म्हणायचो, “नाही काका.” ते म्हणायचे, “बरं.” सहा दिवस हाच प्रश्न, हेच उत्तर. सातव्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. महिनाअखेरीला त्यांचा करार वाढवला नाही. जाताना त्यांनी पत्र्याचा ट्रे माझ्या हातात दिला. “किल्ल्या घ्यायला विसरतात लोक. आठवण करत जा.” बास.

मी टिकलो. वाढलोही. आता माझ्या हाताखाली माणसं आहेत, आणि अजून कुणी प्रमाणपत्र विचारलेलं नाही. उत्तरपत्रिकेवर माझी आद्याक्षरं असतात. सर्व्हर रूम आता दुसऱ्या गावी, दुसऱ्याच कुणाच्या इमारतीत आहे, तिथं कोथिंबीर ठेवायची सोय नाही. खडकीचं स्टेशन आठवड्यातून दोनदा लागतं. दर वेळी मी उतरायचं ठरवत होतो. अकरा वर्षं ठरवत होतो.

गेल्या महिन्यात उतरलो. काकूंनी दार उघडलं, ओळखलं नाही. मी यवतमाळ म्हटल्यावर आतून आवाज आला, “चप्पल बाहेर काढायला सांग. किल्ल्याही.” काका खिडकीपाशी बसले होते. डोळे बरेच गेलेत. एका डोळ्यानं उजेड कळतो, दुसऱ्यानं माणूस असल्याचं. मी बसलो नाही. हात आपोआप मागे गेले आणि मी सगळं सांगितलं. नववी ओळ, न पुसलेली खूण, आणि जे लिहिलं होतं ते न वाचता दुसरंच वाचलं ते. पहिल्यापासून, एकही ओळ न गाळता.

काकांनी खिडकीकडचा चेहरा माझ्याकडे वळवला. मग म्हणाले, “आत्ता?”

मी म्हणालो, “हो काका.”

“मी दुसऱ्याच दिवशी वाचली होती. डोळे निवळल्यावर.”

“मग बोलला का नाहीत?”

“अडकलेल्या यंत्राच्या वतीनं आपण उत्तर द्यायचं नसतं. प्रश्न विचारून वाट बघायची. सहा दिवस बघितली. मग म्हटलं, यवतमाळकर हँग झाले.” त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. “नोकरीचं सोडा हो. निवृत्ती मी एकदा घेतलेलीच होती. पण तेवढी नववी ओळ आपण दोघांनी बसून नीट केली असती. नावं बदलली होती ना डिस्कची? त्यावर काहीतरी सुंदर उत्तर असणार. मला ते काढायचं होतं.”

ते उत्तर पुढं मी एकट्यानं काढलं होतं, आणि खरंच सुंदर होतं. मी त्यांना सांगितलं. ते मान हलवत ऐकत राहिले, दोन शंका विचारल्या, दोन्ही बरोबर. मग म्हणाले, “आणि ती शेवटची ओळ? अजून लिहावी लागते?”

“हो काका. आता तर सक्तीचीच आहे.”

“बरं झालं.”

काकूंनी चहा आणला. काकांनी चाचपून टीपॉयवरचा पेपर उचलला, इंग्रजी, घडी न मोडलेला, आणि माझ्याकडे धरला. “हिला वेळ नसतो आणि मुलगी परदेशात. वाचा. तारखेपासून.” मी पेपर उघडला. काका डोळे मिटून खुर्चीत टेकले आणि म्हणाले, “जे छापलंय तेच.”

मी वाचलं. पहिल्या पानापासून खेळांच्या पानापर्यंत, उजेड होता तोवर. मध्ये दोनदा त्यांनी मला थांबवून उच्चार सुधारला. अकरा वर्षांत माझा उच्चार कुणी सुधारला नव्हता.